शनिवार दुपारपासून मराठी

१६ जून, सोमवार

रोशनीची पहिली आज सुरू झाली. कॉलनीमागची सिस्टरांची इंग्रजी शाळा. इमारत लहान, एका इयत्तेचा एकच वर्ग, पण सकाळी मुख्याध्यापिका सिस्टर जसिंता स्वतः दारात उभ्या राहतात आणि प्रत्येक मुलाला नावाने हाक मारतात. रोशनी आतापर्यंत मराठी बालवाडीत होती. इथे प्रवेश मिळाला तेव्हा मला आनंदाने दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

माझा नवरा सुयश कामाला मनमाडला अप-डाऊन करतो, तो पहाटेच गेला. मी आणि आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला सोडायला गेलो. सिस्टर म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, रोशनी!" रोशनी आक्कांच्या पदरामागे लपली. मी घरून तयार करून नेलेलं वाक्य बोलले, "गुड मॉर्निंग सिस्टर, शी इज अ लिटल शाय." वाक्य बरोबर होतं, असं वाटतं. घरी येईपर्यंत तपासत होते.

दुपारी पालकांच्या ग्रुपवर सूचना आली. घरी मुलांशी इंग्रजीत बोलावे. एवढंच. किती वेळ, कुणी, सुट्टीच्या दिवशी काय, काहीच नाही. अशा अर्धवट सूचनांचा मला फार त्रास होतो.

सूचना दोनदा वाचायची आणि मग पाळायची, हे बाबांचं शिक्षण. बाबा रेल्वेत गेटमन होते. आम्ही राहायचो त्या फाटकापासून शाळा लांब, म्हणून तिसरीपर्यंत बाबाच माझे मास्तर. फाटकाच्या खोलीचं दार हा फळा. मी वाचायला शिकलेलं पहिलं वाक्य फाटकावरच्या पाटीचं: थांबा, पहा, पुढे जा. सूचना पटते की नाही हे गाडी गेल्यावर बघायचं, असं ते म्हणायचे. आधी फाटक लावायचं.

म्हणून मी घरासाठी नियम ठरवला. सोमवारपासून शनिवारची शाळा सुटेपर्यंत रोशनीशी फक्त इंग्रजी. शनिवार दुपारपासून मराठी. जेवताना सगळ्यांना सांगितला.

सुयश म्हणाला, "अगं, इतकं कशाला?" त्याला प्रत्येक गोष्टीत इतकं कशाला वाटतं.

आक्का म्हणाल्या, "आन मला काय येतं? यस आन नो. त्यात बी नोच जास्त."

"मग आक्का, येत नसेल तर गप्प राहिलेलं बरं. तिच्या कानावर मराठी पडायला नको."

"समदा आठवडा गप्प?"

"तिच्यासाठी."

त्या हसल्या. "बरं बाई, होते मुकी. माझ्या सासूला जे जमलं नाय ते सुनंनं करून दाखवलं."

रोशनी वरणभात कालवत ऐकत होती. जेवली मात्र नीट.

२४ जून, मंगळवार

नियम चांगला चालला आहे. आक्कांनी एकदाही मोडला नाही, हे कबूल केलं पाहिजे. रोशनीचे केस विंचरतात, डबा भरून देतात, तिला शाळेत सोडतात, सगळं तोंड बंद ठेवून. दोघींच्या खाणाखुणा चालतात. दूध म्हणजे अंगठा पिळल्यासारखा करायचा, डबा म्हणजे तळहातावर थाप. खुणा मराठीत मोडत नाहीत, म्हणून मी हरकत घेतलेली नाही.

मी खोलीत गेले की रोशनी लगेच ओठांवर बोट ठेवते. तिला नियम कळला आहे. मला बरं वाटलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "मम्मी, आशा नो इंग्लिश." आशा तिच्या बाकावरची. पळशाकडे त्यांचा फुलांचा मळा आहे. मी वाक्य दुरुस्त करून दिलं, मग ती म्हणाली, "शी टॉक मराठी?"

"नो," मी म्हटलं. "शी मस्ट कीप क्वाएट अँड लर्न."

ती बराच वेळ विचार करत होती.

१ जुलै, मंगळवार

आज शाळा सुटताना ग्रेटा टीचरनी मला बाजूला घेतलं. त्या वर्गशिक्षिका. रोशनी वर्गात एक शब्दही बोलत नाही म्हणाल्या. हजेरीला नुसता हात वर करते. कान तपासले आहेत का, असं विचारलं.

मला इतका राग आला! घरी ही मुलगी मला वीस फळांची नावं इंग्रजीत सांगते. मी कानांबद्दल उत्तर द्यायला इंग्रजी शब्द जुळवत होते, तोवर टीचर दुसऱ्या आईकडे वळल्या.

रोशनीला घरी विचारलं, "व्हाय यू डोन्ट टॉक इन स्कूल?" ती आपल्या हातांकडे बघत बसली. शाळेत तिला कुणीतरी घाबरवलं आहे, असं मला वाटतं. पण कुणी?

४ जुलै, शुक्रवार

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते रोशनीला म्हणाले, "काय गं, नाव काय तुझं?" रोशनीने माझ्याकडे पाहिलं. मी तरी काय करणार? डॉक्टर मराठीत विचारत होते आणि शुक्रवार होता. मी म्हटलं, "टेल युवर नेम."

"माय नेम इज रोशनी सुयश पगारे."

डॉक्टर थोडा वेळ माझ्याकडेच बघत राहिले. तपासून म्हणाले, "कान उत्तम आहेत तिचे." 'तिचे' या शब्दावर त्यांनी उगाचच जोर दिला. काही माणसांना बोलायची पद्धत नसते.

१० जुलै, गुरुवार

आषाढी पौर्णिमा. विहारात आजपासून वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. आक्का पांढरी साडी नेसून पुढे बसल्या, रोशनी त्यांना चिकटून. वंदना सुरू झाली आणि रोशनी मोठ्याने म्हणू लागली. नमो तस्स पासून शेवटपर्यंत, न अडखळता, सगळ्या मुलांच्या वर आवाज. बाजूच्या बायका कौतुकाने वळून बघत होत्या. आक्का आणि ती एकमेकींकडे बघून म्हणत होत्या, जणू गप्पाच मारताहेत.

पाली मराठीत धरायची की नाही, या विचारात मी पडले. शेवटी ठरवलं की धरायची नाही.

वंदना संपली तरी रोशनी थांबेना. पुन्हा पहिल्यापासून म्हणूया असा आक्कांना हात करत होती.

म्हणजे मुलगी बोलू शकते. शंभर माणसांत बोलू शकते. मग शाळेतच काहीतरी गडबड आहे. मी आता गप्प बसणार नाही.

१४ जुलै, सोमवार

सिस्टर जसिंतांना भेटायची वेळ घेतली होती. सहा वाक्यं पाठ करून गेले. दारातच आशाची आई भागीबाई भेटली, फुलांची टोपली स्कूटीला बांधलेली. म्हणाली, "ताई, वर्गात नाच बसवलाय का ओ? आमची आशी घरी हातवारेच करती नुसती. भाकर मागायची तर थापट्या मारती. मी म्हनलं, तोंडाला काय झालं गं तुझ्या? तर म्हनती, रोशनीनं शिकवलं."

अभिनयगीत असेल, असं मी म्हटलं. मला सिस्टरांसाठी पाठ केलेली वाक्यं विसरायची भीती होती, म्हणून थांबले नाही.

भेट वाईट झाली. माझी पहिली दोन वाक्यं बरोबर गेली. मग सिस्टर हळूहळू, एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत बोलल्या, लहान मुलीशी बोलावं तसं. महिनाअखेरीला तोंडी परीक्षा आहे. तोपर्यंत रोशनी काहीच बोलली नाही, तर तिला वर्षभर सीनियर केजीत बसवावं असं त्यांचं आणि ग्रेटा टीचरचं मत आहे. शिक्षा नाही, तिच्या भल्यासाठी, असं दोनदा म्हणाल्या.

माझं सहावं वाक्य होतं: ती हुशार आहे, तुम्हाला ती दिसलेलीच नाही. ते इंग्रजीत पाठ होतं. तोंडातून आलं फक्त "थँक यू, सिस्टर."

घरी येऊन भांडी घासताना ते वाक्य मोठ्याने म्हटलं. आक्कांनी वळून पाहिलं. काही बोलल्या नाहीत. सोमवार होता, आणि रोशनी घरात होती.

१८ जुलै, शुक्रवार

शेवटची संधी आली आहे. सव्वीस तारखेला शाळेत आजी-आजोबा दिन. त्या दिवशी येशूच्या आजी-आजोबांचा सण असतो, म्हणून. येशूलाही आजी-आजोबा असणार हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पहिलीच्या प्रत्येक मुलाने आजीला किंवा आजोबांना स्टेजवर नेऊन चार ओळी बोलायच्या. रोशनी बोलली तर ग्रेटा टीचर तीच तोंडी परीक्षा धरणार आहेत.

मी चार ओळी लिहिल्या. धिस इज माय ग्रँडफादर. ही वर्क्ड इन द रेल्वेज. ही टॉट माय मदर टू रीड. आय लव्ह हिम. रोशनीने घरी माझ्यासमोर न चुकता म्हटल्या.

बाबांना फोन करून बोलावून घेतलं आहे. त्यांना रेल्वेतलं थोडं इंग्रजी येतं, स्टेजवर कुणी काही विचारलं तर निभावेल. आक्कांना मी कारण समजावून सांगितलं, की तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. त्या म्हणाल्या, "खरं हाय." पांढरी साडी त्यांनी इस्त्रीला काढून ठेवली होती, ती पुन्हा पेटीत ठेवली.

मी त्यांचंच भलं बघत होते. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलं, तरी ते मला नीट वाटत नाही.

२५ जुलै, शुक्रवार

बाबा दुपारी आले. आक्का दारात म्हणाल्या, "जय भीम, इवाई. बोलून घेते, पोरगी शाळेतनं यायची हाय. ती आली का माझं तोंड बंद."

बाबांना वाटलं थट्टा चालली आहे. मग रोशनी आली. बाबा खाटेवर बसून त्या दोघींकडे बघत राहिले. रोशनीने दोन्ही हात पसरले, मग एक हात कानाशी नेला, मग पोटावर. आक्का तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्यांनी बोटांनी काहीतरी विचारलं. रोशनीने मान हलवली. शेवटी तिने तोंडावर हात ठेवला आणि तो काढून पंजा उघडला. आक्कांनी एक बोट दाखवलं.

"हे काय?" बाबांनी मला विचारलं.

मी नियम सांगितला. सूचनाही दाखवली. दोनदा वाचली होती, हेही सांगितलं. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

बाबा म्हणाले, "फाटक लावलंस ते ठीक. पण गाडी कुठंय?"

"म्हणजे?"

"फाटक गाडीसाठी लावतात, चैताली. गाडी गेली की उघडायचं पण असतं. दोन्ही बाजूंना माणसं थांबलेली असतात."

बाबांना हल्ली कोड्यात बोलायची सवय लागली आहे. इथे माझ्या मुलीचं वर्ष जायची वेळ आली आहे. मी त्यांना उद्याच्या चार ओळींचं एवढंच सांगितलं की रोशनी अडकली तर हळूच पहिला शब्द सुचवा.

२६ जुलै, शनिवार

सगळं उलटं झालं. क्रमाने लिहिते.

सकाळी निघताना बाबा चप्पल घालून थांबले. म्हणाले, "रोज हिला शाळेत कोण सोडतं?" मी म्हटलं, आक्का. "केस कोण विंचरतं?" आक्का. "मग स्टेजवर मी कशाला? मी खाली बसून टाळ्या वाजवतो." मी रडायच्या बेताला आले. ओळींमध्ये ग्रँडफादर होतं, रेल्वे होती! वाद घालायला वेळ नव्हता. आक्कांना साडी बदलायलाही वेळ नव्हता, घरातल्याच साडीवर आल्या.

हॉलमध्ये सिस्टर जसिंता माइकवर आल्या आणि मराठीत बोलू लागल्या. स्वच्छ, घरातल्यासारखं मराठी. "सगळ्या आजी-आजोबांना नमस्कार. पंख्याखाली बसा, लाजू नका. चहा शेवटी आहे, म्हणून आधी पळू नका." सगळे हसले. मला हसू आलं नाही. दीड महिना मी या बाईंसाठी वाक्यं पाठ करत होते.

मुलं येऊ लागली. आशा आजोबांबरोबर आली, दोन ओळी म्हणून थांबली, तरी टाळ्या मिळाल्या. मग रोशनी.

ती माइकसमोर उभी राहिली. आक्का शेजारी, पदर घट्ट धरून. मी तिसऱ्या रांगेतून ओठ हलवत होते, धिस इज माय, धिस इज माय. रोशनीने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने आक्कांकडे बघून तोंडावर हात ठेवला आणि पंजा उघडला. कुणीतरी हसलं. तिने पुन्हा तेच केलं. ग्रेटा टीचर वहीत काहीतरी लिहायला लागल्या.

आक्का काही करेनात. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मला कळलं की त्या विचारताहेत. काय विचारताहेत ते मात्र नेमकं कळलं नाही. एवढं कळलं की शाळा अजून सुटलेली नाही, आणि नियम मी केला आहे, आणि त्या तो माझ्यासमोर मोडणार नाहीत. बाबा शेजारून हळूच म्हणाले, "उघड आता."

मी होकारार्थी मान हलवली.

आक्का माइकच्या फार जवळ होत्या, म्हणून ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "लागला गं बाई शनिवार. लागला."

आणि रोशनी बोलू लागली. "आक्का, आशाच्या कुत्रीला पिल्लं झाली, एकाचा कान काळा आहे, ते मी तुला हाताने सांगितलं होतं पण काळा सांगता येत नव्हता. आणि मी घसरगुंडीवरून पडले तेव्हा तू विचारलंस दुखलं का आणि मी नाही म्हटलं, पण दुखलं होतं. आणि आशाला इंग्लिश येत नाही म्हणून ती गप्प बसते, मग मी पण बसते, नाहीतर ती एकटी पडेल ना, तुझ्यासारखी. आणि तू विहारात झोपतेस ते मी कुणालाच सांगितलं नाही."

हॉल हसून हसून हलला. आक्का म्हणाल्या, "आता सांगितलं की समद्यास्नी!" आणि पुन्हा हशा. ग्रेटा टीचर डोळे पुसत होत्या.

माझ्या चार ओळींपैकी एकही ओळ तिने म्हटली नाही.

चहाच्या वेळी सिस्टर माझ्याकडे आल्या. मी सवयीने "सिस्टर, आय ॲम व्हेरी" एवढं म्हटलं. त्या म्हणाल्या, "अहो, मी वसईची. आमच्या घरी प्रार्थनासुद्धा मराठीत. तुम्ही पहिल्या दिवसापासून इंग्रजीत सुरुवात केलीत. मला वाटलं, यांना मराठीत बोललेलं कमीपणाचं वाटत असेल."

"आणि सूचना?" मी मराठीत विचारलं. "घरी इंग्रजीत बोलावे, ही?"

"थोडंफार हो. एखादी गोष्ट वाचून दाखवायची, एवढंच."

"मग तसं लिहायचं ना, सिस्टर! तसं लिहायचं!"

आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. सिस्टरांशी मराठीत बोललेली माझी पहिली वाक्यं, आणि ती भांडणाची. सिस्टर मान खाली घालून म्हणाल्या, "हो. तसं लिहायला हवं होतं."

रोशनी पहिलीतच राहणार आहे. हे आधी लिहायला हवं होतं.

२७ जुलै, रविवार

बाबा सकाळच्या गाडीने गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी कालपासून चिडलेली आहे, आणि कुणावर ते ठरत नाही. सिस्टरांवर, अर्धवट सूचनेवर, सुयशवर. 'इतकं कशाला' म्हणून तो गप्प बसला, पुढे भांडला का नाही? आक्कांवरही. एवढा आज्ञाधारकपणा कशाला? एकदा तरी मोडायचा नियम! मी ऐकलं नसतं, ते वेगळं.

दुपारी आक्का मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि खुणा विचारल्या. दूध, डबा, आशा म्हणजे केसांत फूल खोचल्यासारखं, सुयश म्हणजे झोप. तोंडावरचा हात काढून पंजा उघडला की शनिवार. रोज शाळेतून आल्यावर ती विचारायची म्हणे, अजून किती. आक्का बोटं दाखवायच्या.

"आणि ओठांवर बोट म्हणजे गप्प, हो ना? मी आले की ती करते ते."

आक्कांनी मेथीची काडी बाजूला टाकली. "ती तुझी खूण हाय."

"माझी?"

"मम्मी म्हनायचं तर तसं करती."

आक्कांनी अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली, मी निवडू लागले.

३० जुलै, बुधवार

नियम सोमवारपासून बंद केला आहे. इंग्रजी गोष्टीचं पुस्तक रोज थोडं वाचते, बाकी मराठी. पण दोघींनी हात काही सोडलेले नाहीत. जेवताना मी मराठीत विचारते आणि त्या एकमेकींना खुणेने उत्तर देतात आणि हसतात. मी मध्येच विचारते, काय म्हणालात? "काय नाय," आक्का म्हणतात. हे मला लागतं, आणि लागू नये असंही वाटतं.

आज रोशनीच्या डायरीत ग्रेटा टीचरचा शेरा आला. वर्गात आणि प्रार्थनेच्या वेळी आशाशी सतत बोलते. पालकांनी समज द्यावी.

मी शेरा दोनदा वाचला. डोकं सणकलं. बोलली नाही तर सीनियर केजी, बोलली तर समज! या लोकांना नेमकं हवं तरी काय?

"काय लिवलंय?" आक्कांनी विचारलं.

"रोशनी वर्गात फार बोलते म्हणे."

"मग? पुन्हा गप करायची?"

रोशनी आमच्या दोघींकडे बघत होती. तिचा हात वर निघाला, ओठांच्या दिशेने. मी तो मध्येच धरला. तिला वाटलं मी रागावले, म्हणून मी तो सोडला नाही, तसाच हातात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने शेऱ्याखाली सही केली.

मग म्हटलं, "प्रार्थनेत बोलू नकोस. प्रार्थना झाली की बोल."

"मराठीत?"

"मराठीत."

आक्कांना मी नंतर हळूच विचारलं, माझी खूण बदलता येईल का. त्यांनी रोशनीला विचारलं, अर्थात हातांनीच. रोशनीने मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं आणि काहीतरी उत्तर दिलं.

"काय म्हणते?"

"इचार करती म्हनली," आक्का म्हणाल्या.